अजून चालतेय की!

चुलीपुढे असाल, गोठ्यात असाल, नाहीतर शेंगा फोडत बसला असाल, हात चालू द्या आणि कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही आमच्या गटाच्या मोटारसायकलबद्दल बोलणार आहोत. गाडीचा विषय निघाला की आपण बाया म्हणतो, ते बाप्यांचं काम, त्यांना कळतं. आम्हीही तेच म्हणत होतो. पण आमची गाडी घरातल्या कुणाची नाही, गटाची आहे, अकरा जणींची. बिघडली तर पैसे आमच्याच डब्यातून जातात.

आम्ही पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला राहतो. गावठी अंडी, नाचणीचे पापड आणि हंगामातली भाजी असा आमचा माल. तीन वर्षांपूर्वी शंभर सीसीची जुनी गाडी घेतली आणि मागे कॅरिअर बसवून घेतलं. आमच्यातल्या दोघी ती चालवतात, दोघींकडे लायसन आहे. बाजारापर्यंत जाऊन येऊन चौतीस किलोमीटर पडतात. महिन्याचे धरले तर नऊशेच्या आसपास.

या मे महिन्यात गाडीची चेन वाजायला लागली. चढाला गिअर टाकला की कर्र कर्र, आणि गाडी सोडून दिली की चेन कव्हरला खाडखाड आपटायची. मिस्त्रीने एकदा आवळून दिली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाला, "ताई, चेन-स्पॉकेट बदलायला आलंय. तशी अजून दोनेक महिने ओढेल म्हणा." झालं. बैठकीत निम्म्या जणींनी पहिलं वाक्य ऐकलं आणि निम्म्या जणींनी दुसरं.

चौदाशे चाळीस रुपये. एवढा खर्च मिस्त्रीने मजुरीसकट सांगितला होता. डब्यात एकवीसशे होते. त्यात जून आलेला, म्हणजे पोरांच्या वह्या, बियाणं, बँकेचा हप्ता. थोरल्या काकी म्हणाल्या, "अजून चालतेय की! चालतंय तोवर चालू दे. धडधाकट वस्तू फेकायची आपल्यात रीत नाही." खरंच नाही. आपण फाटलेल्या लुगड्याची गोधडी करतो, गोधडी फाटली की तिचं पायपुसणं करतो. त्यामुळे काकींचं बोलणं कुणाला चुकीचं वाटलं नाही.

पण त्याच बैठकीत आमची गाडी चालवणारी वहिनी बसली होती, आणि तिच्या मनगटाकडे बघून पुढे कुणी बोलेना. ते आधी सांगायला हवं.

मागच्या थंडीत, ऊसतोडीच्या दिवसांत, वहिनी अंड्यांचे आठ ट्रे घेऊन बाजाराला निघाली होती. महिनाभर आधीपासून ती सांगत होती की क्लच जड झालाय, दाबायला जोर लागतो. मग एक दिवस म्हणाली, क्लचच्या दांड्याजवळ वायरीचा एक तार बाहेर आलाय, बोटाला टोचतो. आम्ही म्हटलं, बघू. हे 'बघू' आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं, एकटीने कुणी नाही. वायर दाबतेय, गाडी चालतेय, मग घाई कसली?

चढावर उसाच्या ट्रॉलीमागे गाड्या थांबल्या होत्या. वहिनीने पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबून धरलेला, निघायच्या बेतात थोडी रेस दिलेली. तेवढ्यात वायर तुटली. क्लच दाबलेला असतो तोवरच इंजिन आणि चाक वेगळी असतात. वायर तुटली की ती आपोआप जोडली जातात. गाडीने उडी मारली, ट्रॉलीच्या मागच्या फळीला धडकली आणि आडवी झाली. वहिनीचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दोनशे चाळीस अंड्यांतली एकोणतीस वाचली, ती कुणीतरी मोजली होती, का मोजली देवजाणे.

वायर केवढ्याची? मजुरीसकट एकशे ऐंशी रुपयांची.

दवाखान्याचं बिल आधी वहिनीच्या घरून गेलं, नंतर गटाने ते हप्त्याहप्त्याने फेडलं. पण बिलापेक्षा वेगळीच गोष्ट आम्हाला लागली. वाडीत कुणी म्हणालं नाही की वायर झिजली होती. सगळे म्हणाले, बायकांनी गाडी चालवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार! तिच्या सासऱ्यांनी दोन महिने किल्लीला हात लावू दिला नाही. दुसरी चालवणारी होती, तिच्याही घरात कुजबुज सुरू झाली. एका वायरीपायी आमची गाडी दारात उभी राहिली. वहिनी परत गाडीवर बसली ती शिमग्यानंतर.

तर चेनीची चर्चा सुरू झाली तेव्हा हे सगळ्यांच्या डोक्यात होतं. पण नुसत्या भीतीने निर्णय घ्यायचा नाही, हेही आम्ही ठरवलं होतं, कारण भीतीपायी एकदा उलटं झालेलं आहे. अपघातानंतर गाडी मोठ्या गावातल्या एका गॅरेजला टाकली. आम्ही घाबरलेल्या, त्याने जे जे सांगितलं ते ते बदललं. क्लच प्लेटा, बॅटरी, आणखी काय काय. बिल झालं सव्वीसशे. आमच्या मिस्त्रीने नंतर विचारलं, "प्लेटा कशाला बदलल्या? गाडी चढाला दम धरत होती ना?" जुन्या प्लेटा दाखवा म्हणून गेलो तर त्या म्हणे भंगारात गेल्या. तेव्हापासून नियम केला. जो भाग बदलला तो जुना भाग घरी आणायचा आणि बैठकीत सतरंजीवर ठेवायचा. मिस्त्री वाईट वाटून घेत नाही. उलट आता तोच पिशवीत घालून देतो.

मग चेनीचं ठरवायचं कसं? आमच्या हिशेब लिहिणाऱ्या मुलीने वही काढली. बारावी झालेली आहे, गटातली सगळ्यात धाकटी. तिने विचारलं, आधीची चेन किती चालली होती? गाडी घेतली तेव्हा नवी टाकली होती, ती १८,००० किलोमीटरला रोज उतरायला लागली म्हणून बदलली. आणि ही? १६,००० झाले. म्हणजे ही पण तेवढीच चालेल असं धरलं तर राहिले २,०००.

मग तिने १,४४० ला १८,००० ने भागलं. आले आठ पैसे. एका किलोमीटरला चेनीची झीज आठ पैसे. "आता आपण चेन आज बदलली तर आपले चौदाशे चाळीस वाया जात नाहीत," ती म्हणाली. "ते कधीतरी जाणारच आहेत, आज नाहीतर ऑगस्टमध्ये. वाया जातात ते फक्त उरलेले दोन हजार किलोमीटर. दोन हजार गुणिले आठ पैसे. एकशे साठ रुपये."

बैठक गप्प झाली. आम्ही इतके दिवस चौदाशे चाळीस एका पारड्यात घालत होतो. खरं तिथे एकशे साठच होते.

दुसऱ्या पारड्यात काय, तेही तिने लिहायला लावलं. चेन वाटेत तुटली तर गाडी टेम्पोत घालून आणायची, सहाशे रुपये. बाजार बुडाला. भाजी असेल तर ती गेली. आणि चेन तुटल्यावर कुठे जाईल याचा नेम नाही. खाली गळून पडली तर गाडी नुसती थांबते. पुढच्या छोट्या चक्रापाशी गोळा झाली तर इंजिनचं कव्हर फोडू शकते. मागच्या चाकात अडकली तर चाक चालत्या गाडीत जागच्या जागी थांबतं. उतारावर, मागे कॅरिअर भरलेलं असताना, पावसात. दोन हजार किलोमीटर म्हणजे आमचे सव्वादोन महिने. जून, जुलै आणि ऑगस्टचा पहिला आठवडा. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस तुम्हाला आम्ही काय सांगावा.

आता इथे आमच्या एका अक्कांनी फार चांगला मुद्दा काढला, तो सांगायलाच हवा. अक्का म्हणाल्या, "पावसाळ्यात चिखल-वाळू चेनीत जाते, पाण्याने ऑइल धुऊन जातं. नवी चेन आत्ता टाकली तर तीच चिखलात झिजायची. त्यापेक्षा जुनीच चिखलात राबू दे, नवी दसऱ्याला टाका." शेतकऱ्याच्या घरातलं शहाणपण आहे हे, आणि निम्म्याहून जास्त खरं आहे. चेन मध्यम झिजलेली असती तर आम्ही अक्कांचंच ऐकलं असतं. म्हणून प्रश्न असा उरला की ही चेन पावसाळा काढण्याच्या लायकीची आहे का. ते मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचं नाही, आपल्या डोळ्याने बघायचं ठरलं.

बघायचं कसं ते नीट ऐका, घरच्या गाडीवरही करता येईल. गाडी बंद. किल्ली काढून कमरेला खोचायची. डबल स्टँड लावायचा, गिअर न्यूट्रल. चेनीला पूर्ण कव्हर असेल तर ते मिस्त्रीकडून उघडून घ्या. मागच्या मोठ्या चक्रावर चेन जिथे बसलेली असते, तिथे अगदी मागच्या टोकाला चेनीची एक कडी चिमटीत धरून मागे ओढायची. चांगली चेन दाताला घट्ट चिकटून बसते, हलत नाही. झिजलेली चेन उचलली जाते आणि खालचा दात दिसायला लागतो. आमचा जवळजवळ निम्मा दात दिसला. मग चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि खालची चेन मध्यावर बोटाने वर-खाली करून बघायची. साधारण दोन-तीन सेंटिमीटर ढिली हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पण एकाच जागी बघून भागत नाही. आमची चेन एका जागी ठीक, थोडं चाक फिरवलं की लोंबती, आणखी फिरवलं की ताठ तारेसारखी. अशी चेन आवळून उपयोग नाही. ढिल्या जागेला आवळली तर ताठ जागा आणखी ताणली जाते.

शेवटी चक्राचे दात बघायचे. नवे दात दोन्ही बाजूंनी सारखे असतात. झिजलेले एका अंगाला कलतात, विळ्याच्या टोकासारखे दिसतात. आमचे पुढचे छोटे चक्र तर विळ्यांची माळच झालं होतं.

चेन ताणली, असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं लांब होत नाही. प्रत्येक कडीच्या आत एक पिन असते, ती केसाएवढी झिजते. एकीला केसाएवढी, पण कड्या शंभराच्या वर. सगळ्यांची झीज एकत्र झाली की चेन बोटभर लांब होते. लांब चेन चक्राच्या दातावर नीट बसत नाही आणि दात खाते. म्हणून चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदलायची. नुसती चेन बदलून पैसे वाचवायला गेलो तर जुने दात नवी चेन खातात.

हे सगळं बघून झाल्यावर अक्काच म्हणाल्या, "ही चिखलात राबायची नाही. बदला." काकी शेवटपर्यंत कां कूं करत होत्या. पण एकशे साठ रुपयांचा आकडा त्यांनाही खोडता आला नाही.

याचा अर्थ सगळंच आधी बदलावं असा घेऊ नका. इंडिकेटरचा बल्ब जाईपर्यंत वापरावा. गेला तर गेला, हात दाखवून वळता येतं, आणि नवा बल्ब गावात मिळतो. सीटचं कव्हर, किकचं रबर, यांचं तर बोलायलाच नको. प्लग वाटेत त्रास देतो, पण पाडत नाही. एक जास्तीचा प्लग आणि पाना डिक्कीत ठेवला की झालं. आम्ही आता कुठल्याही भागाबद्दल विचारतो की तो तुटला तर गाडी थांबेल की माणूस पडेल? आणि तुटायच्या आधी तो काही सांगतो का? क्लचची वायर आम्हाला महिनाभर सांगत होती. तार बाहेर आली, बोटाला टोचली, याहून जास्त तिने काय सांगायचं?

ब्रेकच्या लायनरबाबत मात्र आम्ही चर्चाच करत नाही. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांना चाकापाशी, ब्रेकच्या दांडीजवळ एक छोटा बाण असतो आणि बाजूला एक खूण. ब्रेक पूर्ण दाबायचा आणि दुसरीने बघायचं. बाण खुणेला टेकला की लायनर संपलं. मग बैठक नाही, ठराव नाही, त्याच दिवशी बदलायचं. लायनर संपून लोखंडाला लोखंड घासलं की चाकाचा ड्रम खराब होतो, आणि तो लायनरच्या कितीतरी पट महाग. ब्रेक लागला नाही तर काय, ते बोलायलाच नको. ओढ्यातून गाडी काढली की ड्रम ब्रेक ओले होऊन थोडा वेळ नीट धरत नाहीत, हे पण लक्षात असू द्या. पलीकडे निघाल्यावर हळू चालवत ब्रेक थोडा थोडा दाबून वाळवायचे.

चेनीचं निघालंच आहे तर आणखी एक. चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनीला फडकं लावणारे लोक आम्ही पाहिलेत. पटकन होतं म्हणे. फडकं चक्रात ओढलं जातं आणि त्याबरोबर बोट जातं. इंजिन बंद करून चाक हाताने फिरवा, वेळ लागू द्या. ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून मळ काढायचा, कोरडं पुसायचं आणि मग नव्वद नंबरचं ऑइल कड्यांच्या आतल्या बाजूला सोडायचं. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल फुकट असतं म्हणून ओतू नका, त्यात लोखंडाचा कीस असतो, तोच पिना झिजवतो. पावसाळ्यात आम्ही दर आठवड्याला ऑइल सोडतो.

आणि चेनीचं कव्हर काढून गाडी फिरवणाऱ्या पोरांना रागवा. पदर आणि ओढणी खेचायला उघडी चेन पुरेशी असते. मागच्या चाकाला साडी गार्ड असणं तर कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ नंबरचा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा. जुनी गाडी घेताना गार्ड काढलेला असेल तर तो बसवून मागा. तो आपला हक्कच आहे.

पैशाचं काय केलं तेवढं सांगतो. चेनीचे आठ पैसे निघाल्यावर धाकटीला चेवच आला. तिने मागच्या टायरचे काढले दहा पैसे, इंजिन ऑइलचे तेरा, लायनरचे चार, क्लच वायरीचा दीड. झाले साडेछत्तीस. किरकोळ धरून चाळीस. आता गाडी परत आली की चालवणारीने काटा बघून किलोमीटर लिहायचे आणि किलोमीटरला चाळीस पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे. महिन्याला तीनशे साठ रुपये पडतात. डब्यावर तिने 'झीज' असं लिहिलंय. हे आमच्या तालुक्यातले भाव आणि आमच्या रस्त्याची झीज आहे. तुमच्याकडे घाट नसेल तर लायनर जास्त टिकेल, रस्ता धुळीचा असेल तर चेन कमी टिकेल. तुमचा आकडा तुमच्या वहीतूनच निघेल. हे सुरू झाल्यापासून चालवणाऱ्या दोघींना पैसे मागायला बैठकीपुढे उभं राहावं लागत नाही. वहिनीला हे फार बरं वाटलं. ती म्हणाली, तेव्हा टोचणारी तार दाखवताना मला तुमच्याकडे एकशे ऐंशी रुपये मागायची लाज वाटली होती. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

चेन पहिल्या पावसाच्या आठ दिवस आधी बदलली. जुनी चेन पिशवीतून आली, सतरंजीवर पसरली. तिच्यातल्या तीन कड्या अशा होत्या की वाकवल्या की वाकलेल्याच राहायच्या, सरळच होईनात. काकींनी स्वतः वाकवून बघितल्या आणि काही बोलल्या नाहीत. आता ती चेन काकींच्याच गोठ्याच्या फाटकाला आहे, कुलूप घालून.

सध्या वाद चाललाय तो नव्या क्लच वायरीचा. तिला ८,००० किलोमीटर झालेत. वहिनी म्हणते, गौरी-गणपतीच्या गर्दीआधी बदला. काकी म्हणतात, तार शाबूत आहे, क्लच हलका आहे, तेल वेळेवर पडतंय, मग कशाला? असं म्हणत गेलो तर रोज नवीनच घालावं लागेल. दोघींचंही बरोबर वाटतं. येत्या बैठकीत दांड्याजवळचं रबर सरकवून, वायर उघडून सगळ्या जणी बघणार आहोत. एक जरी तार सुटलेली दिसली तर त्याच दिवशी बदलायची, एवढं काकींनीही मान्य केलंय.

तुमच्या गटाची गाडी असेल, रिक्षा असेल, पिठाची गिरणी असेल, तर तुमचा हिशेब कसा आहे ते रेडिओ केंद्रावर कळवा. आम्ही वाचून दाखवू. येतो आता, दूध काढायची वेळ झाली. नमस्कार.